कर्मचाऱ्यांसाठी वेलनेस ॲप घ्यावं, की त्याच पैशात आई-वडिलांचा विमा?

मोगरी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला आहे. कायम कामगार, ऑफिस स्टाफ आणि कंत्राटी मिळून तीनेकशे माणसं. यंदा वेलफेअरच्या खात्यात नेहमीपेक्षा बरी रक्कम मंजूर झालीय आणि ती कशावर खर्च करायची याचा प्रस्ताव मला द्यायचाय.

वरच्या मंडळींचा ओढा एका वेलनेस ॲपकडे आहे. पावलं मोजायची, पाणी प्यायल्याची नोंद करायची, त्याचे पॉइंट जमवून कूपनं घ्यायची. शिवाय रजा-पगाराच्या प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट. गेटवर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्रही त्याच पॅकेजमध्ये येतंय. डेमो देखणा झाला आणि सगळे खूश आहेत.

मला मात्र वाटतं, त्या पैशात ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडिलांना घ्यावं. शॉपफ्लोअरवरचा माणूस माझ्या टेबलाशी येतो तो आईच्या मोतीबिंदूचं नाहीतर वडिलांच्या अँजिओप्लास्टीचं विचारायला. तुमच्याकडे काय काय मिळतं, त्यातलं खरंच कशाचा आधार झाला आणि काय नुसतं कागदावर राहिलं? दोन्ही बाजूंनी लिहा, मला मीटिंगमध्ये मुद्दे मांडायचे आहेत.

रानवाटा | सोमवार, रात्री ९.५२

विमा. डोळे झाकून.

कोपरगावकर | सोमवार, रात्री १०.१०

रानवाटाशी सहमत. आमच्याकडे असलं ॲप आलं होतं. शॉपमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, गेटवरच लॉकरमध्ये ठेवावा लागतो. माणूस आठ तास मशीनवर उभा, मधे ट्रॉल्या ओढतोय, आणि ॲपवर त्याची पावलं दिसतात ती बसमधून उतरून गेटपर्यंत चालला तेवढीच. पहिले दहा नंबर सगळे अकाउंट्स आणि परचेसचे. नोटीस बोर्डावर फोटो लागले त्यांचे. शॉपमधली पोरं आधी हसली, नंतर चिडली. मोगरीताई, डेमो देणाऱ्याला एकच विचारा: तुमच्या कारखान्यात फोन आत नेता येतो का?

मोगरी | सोमवार, रात्री १०.१८

नाही नेता येत. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, लिहून ठेवला.

बिटबाईट | सोमवार, रात्री ११.०५

मी उलट बाजूने लिहितो, कारण सगळे एकाच सुरात बोलायला लागलेत. एचआरचं सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ दिखावा असं नाही. हिंजवडीत पेरोल सॉफ्टवेअर बसवण्याचंच काम करतो. पूर्वी रजेचा अर्ज साहेबाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायचा आणि किती रजा शिल्लक आहे हे फक्त टाइम ऑफिसच्या रजिस्टरला ठाऊक. आज कामगार स्वतः बघतो. ओव्हरटाइमचे तास कुणी परस्पर कापले तर त्याच दिवशी कळतं.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळे वापरतो, ते म्हणजे पीएफचा यूएएन, सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच क्रमांक. २०१४ च्या आधी नोकरी बदलली की नवा खाते क्रमांक, मग फॉर्म १३ भरा, जुन्या कंपनीची सही आणा. कित्येकांचे पैसे त्यात अडकून पडले. आता एक नंबर आयुष्यभर, पासबुक फोनवर. त्यामुळे तंत्रज्ञान की लाभ, असा वाद घालू नका. ज्याच्यामुळे माणसाला त्याचे हक्काचे पैसे दिसतात आणि मिळतात ते तंत्रज्ञान घ्या.

कोपरगावकर | सोमवार, रात्री ११.१४

हे पटलं. पावलं मोजणं त्यात बसत नाही एवढंच.

सातपूरकर | मंगळवार, सकाळी ८.३०

विम्याच्या क्षेत्रात आहे म्हणून जरा सविस्तर.

मोगरीताई, 'आई-वडिलांना घेतलं' एवढ्यावर खूश होऊ नका. पॉलिसीतल्या तीन गोष्टी बघा. पहिली, को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा हिस्सा. पालकांसाठी तो बहुतेक ठिकाणी लावतातच. २० टक्के असेल तर दोन लाखांच्या बिलात ४० हजार घरचे. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. ५,००० ची मर्यादा असताना ८,००० ची खोली घेतली तर वरचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाशी बांधलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे साडेबासष्ट टक्केच मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावायची नाही असा इर्डाचा, म्हणजे विमा नियामकाचा नियम आहे, तो कामगारांना जरूर सांगा, कारण डिस्चार्जच्या गडबडीत कुणी विचारत नाही. तिसरी, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का. ग्रुप पॉलिसीचं खरं मोल तिथे आहे. साठीच्या, मधुमेह असलेल्या आईला बाहेर वैयक्तिक पॉलिसी घ्यायला जा, प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत लावू शकतात.

आणखी एक. नोकरी सुटली की ग्रुपचं छत्र जातं. त्या वेळी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या सलग काळाचं श्रेय मिळतं. राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाला हे लेखी द्यायचा पायंडा पाडा. खर्च शून्य.

निवडुंग | मंगळवार, सकाळी ९.०२

सातपूरकर, वाचनखूण साठवली. खोलीभाड्याचं हे गणित इतकं सोपं करून पहिल्यांदाच वाचलं.

शमी | मंगळवार, सकाळी १०.४५

विम्यावरून आठवलं म्हणून लिहिते, आणि हे सगळ्यांनी वाचावं अशी कळकळीची विनंती आहे.

आमच्या शेजारचा मुलगा एका कारखान्यात होता. हार्ट अटॅकने अचानक गेला. बायको, एक लहान मुलगी. कंपनीने पगाराचे राहिलेले पैसे दिले, चार माणसं भेटून गेली आणि फाइल बंद. कुणीही तिला सांगितलं नाही की पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कापत नाहीत, हप्ता कंपनी भरते, आणि कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. विधवा पेन्शन आणि मुलीचं पेन्शन वेगळं. पीएफ, पेन्शन आणि विमा या तिन्हींसाठी मृत्यूच्या प्रकरणात एकच एकत्रित फॉर्म आहे. माझा नवरा बँकेत असल्याने त्याला हे माहीत होतं, म्हणून आम्ही तिच्याबरोबर जाऊन तो भरला. ई-नामांकन, म्हणजे पीएफच्या वारसाची ऑनलाइन नोंद, केलेलं नव्हतं, त्यामुळे वारसाच्या कागदपत्रांसाठी तलाठी, तहसील असं हिंडावं लागलं. त्याने फोनवर दहा मिनिटं काढून नामांकन केलं असतं तर त्या बाईचे ते हाल टळले असते.

मोगरीताई, तुमच्या तीनशे जणांपैकी किती जणांचं ई-नामांकन झालंय ते आधी बघा. माझ्या मते सगळ्यात मोठा वेलफेअर तोच.

मोगरी | मंगळवार, दुपारी १.२०

शमीताई, वाचून गलबलून आलं. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम यादी काढली. निम्म्याहून जास्त लोकांचं नामांकन झालेलं नाही. कंत्राटी मुलांचं तर मला दिसतच नाही, ते ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली आहेत.

ताळेबंद | मंगळवार, दुपारी २.०५

कंत्राटींचं तुम्हाला दिसत नसलं तरी जबाबदारी सुटत नाही. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालकाकडून वसूल होतो. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं चलन आणि नावानिशी ईसीआर, म्हणजे कुणाचा किती पीएफ भरला त्याचं विवरण, मागायचा, ही शिस्त लावा.

आता दुसरं. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे ते ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असणार. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० पर्यंत असेल तर. म्हणजे तुमच्या कंत्राटी आणि नव्या मुलांच्या आई-वडिलांना उपचाराचा हक्क आजच आहे, फक्त कार्डावर त्यांची नावं चढवलेली नसतात. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. तेव्हा विम्याचा पैसा ईएसआयच्या वर गेलेल्यांच्या पालकांसाठी वापरा आणि खालच्यांची नावं चढवा. बजेट पुरेल.

रानवाटा | मंगळवार, दुपारी २.३०

ताळेबंद, ईएसआयच्या दवाखान्यातली रांग पाहिलीय का? हक्क आहे हे खरं, पण खाडा करून रांगेत उभं राहावं लागतं. खाडा झाला की हजेरी भत्ता गेला.

ताळेबंद | मंगळवार, दुपारी २.४८

रांग आहे, नाकारत नाही. पण डायलिसिस, कॅन्सर, हृदयाची शस्त्रक्रिया हे खर्च रांगेत उभं राहून वाचत असतील तर ते सोडायचे नाहीत. आणि ईएसआयला गेलेल्याचा हजेरी भत्ता कापू नये एवढं मोगरीताई प्रस्तावात घालू शकतात. त्याला ॲप लागत नाही.

अंजनवेल | मंगळवार, सायंकाळी ६.१५

हजेरीच्या यंत्राबद्दल कुणीच बोललं नाही. मी सेफ्टीला आहे. आमच्याकडे आधी अंगठ्याचं होतं. ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. कूलंटमध्ये हात राहून कातडी सोलवटते. सातच्या शिफ्टला पावणेसातपासून रांग, एकेक जण पँटला अंगठा पुसतोय, यंत्र लाल दिवा दाखवतंय, मागचे ओरडतायत. सात वाजून गेले की अर्ध्या दिवसाची कपात, यंत्र त्याला ओळखत नाही हा त्याचा दोष. चेहऱ्याचं यंत्र या बाबतीत खरंच बरं आहे, हे मी अनुभवाने सांगते. फक्त ते सावलीत बसवा, सकाळचं ऊन समोरून आलं की अडतं. आणि यंत्र बंद पडलं तर रजिस्टरवर सही चालेल असं परिपत्रक आधी काढा, यंत्र नंतर बसवा.

बिटबाईट | मंगळवार, सायंकाळी ६.४०

बरोबर. आणि चेहऱ्याची माहिती कुठे साठते, नोकरी सोडल्यावर पुसतात का, हे करारात लिहून घ्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. वेलनेस ॲपकडे झोप, वजन, मनःस्थिती असलं सगळं जातं. कामगाराच्या झोपेची नोंद मालकाच्या डॅशबोर्डवर दिसता कामा नये. मी स्वतः या धंद्यात असूनही हे ठामपणे सांगतो.

राइनकाठ | मंगळवार, रात्री ११.५०

इकडे जर्मनीत यावर सरळ नियम आहे. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन बसवायचं तर कामगारांनी निवडून दिलेल्या बेट्रीब्सराटची, म्हणजे कामगार परिषदेची संमती लागते. आमच्या ऑफिसात साधं तिकिटांचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं तर परिषदेने ते तोवर अडवून धरलं, जोवर 'कुणी किती वेळात काम केलं' हा रिपोर्ट बंद केला नाही. मी सुरुवातीला वैतागलो होतो. आता वाटतं, हे आपल्याकडे हवं. आजारी पडलो तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, पुढे आरोग्य विमा देतो. कूपनं कुणी वाटत नाही, आणि मागतही नाही.

कोपरगावकर | बुधवार, सकाळी ७.२०

राइनकाठ, तिकडे जागा असली तर सांगा, मी कोपरगावहून पोळ्या बांधून निघतो :)

जुना कामगार | बुधवार, सकाळी ९.१०

पोरांनो, लाभांचे 'ट्रेंड' म्हणून आज जे सांगतात त्यातलं बरंच महाराष्ट्रात आधी होऊन गेलंय. मी आयुष्यभर युनियनमध्ये काम केलं म्हणून सांगतो.

आज डिलिव्हरीवाल्या मुलांबद्दल चर्चा चाललीय की त्यांचा मालक एक नाही, मग पीएफ-ग्रॅच्युइटी द्यायची कुणी. हाच प्रश्न मशीद बंदरच्या, भायखळ्याच्या हमालांचा होता. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ मजुरी वाटणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. कामगार कुणाचाही माल उचलो, त्याचं खातं मंडळात एकच. आता सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे असं ठेवलंय. कल्पना तीच आहे. मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसायचे, तो भाग मात्र विसरू नका, पैसा खरोखर पोचायचा तो त्या दबावामुळे.

दुसरं, पगाराच्या चिठ्ठीवर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधी म्हणून थोडी रक्कम कापलेली दिसेल. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची ती वर्गणी. तिच्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते, शिवणवर्ग, अभ्यासिका चालतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. किती एचआरवाले हे नोटीस बोर्डावर लावतात? मोगरीताई, तुम्ही लावा.

निवडुंग | बुधवार, सकाळी ९.४०

काका, नाट्यस्पर्धेचं वाचून आनंद झाला. माझे वडील त्यात काम करायचे, तालमीसाठी शिफ्ट बदलून घ्यायचे. अवांतराबद्दल क्षमस्व.

रानवाटा | बुधवार, सकाळी ११.००

अवांतर कसलं, तोही लाभच होता!

जाता जाता, 'पगार आधीच उचला' या ॲपचं काय मत? पंधरा तारखेला कमावलेल्या दिवसांचे पैसे मिळतात, थोडं शुल्क कापून.

जुना कामगार | बुधवार, सकाळी ११.३५

त्यापेक्षा कारखान्यात कामगारांची पतसंस्था काढा. शेअर आपले, व्याजाचा नफा लाभांश होऊन आपल्याकडेच परत. हप्ता पगारातून कापला जातो त्यामुळे बुडत नाही. ॲपचं शुल्क लहान दिसतं, पण दर पंधरा दिवसांनी घेतलं तर वर्षाचं व्याज काढून बघा.

बिटबाईट | बुधवार, दुपारी १२.१०

इथे असहमत, काका. पतसंस्थेत कर्ज मंजूर व्हायला संचालकांची मीटिंग लागते आणि रात्री अकराला पोराला ताप आला तर मीटिंग होत नाही. कंपनीने शुल्क स्वतः भरलं तर हे ॲप मी घेईन.

ताळेबंद | बुधवार, दुपारी १.३०

त्यावर भांडू नका, मला महत्त्वाचं लिहायचंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात. वेतनाची व्याख्या बदललीय: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची. उदाहरण घ्या. एकूण ५०,००० आणि बेसिक फक्त १८,०००. जुन्या पद्धतीने ग्रॅच्युइटी वर्षाला १५ भागिले २६ गुणिले १८,०००, म्हणजे साधारण १०,३८५. आता वेतन २५,००० धरलं की १४,४२३. पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० कापत असाल तर हातातला पगार यामुळे कमी होत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. आणि मोगरीताई, चाळिशी ओलांडलेल्यांची वार्षिक आरोग्यतपासणी मोफत द्यायची आहे, ती 'वेलनेस' म्हणून ॲपवाल्याकडून पुन्हा विकत घेऊ नका.

ऑफिस स्टाफसाठीही एक सोय आहे. नवीन करप्रणालीत ८०सी, ८०डीच्या (बचत आणि आरोग्य विम्याच्या) सवलती गेल्या, पण कंपनीने एनपीएस या पेन्शन योजनेत भरलेली बेसिक अधिक डीएच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम करातून सुटते. सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्या माणसावरचा एकूण खर्च, न वाढवता देता येते.

अंजनवेल | बुधवार, सायंकाळी ५.५०

बायकांचं कुणी काढलंच नाही. ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. २६ आठवड्यांची रजा संपते, बाळ सहा महिन्यांचं, आणि दुसऱ्या शिफ्टला ठेवायचं कुठे? कामाला आलेल्या चांगल्या मुली इथेच गळतात. मोगरी, तुमच्याकडे आहे का?

मोगरी | बुधवार, रात्री ९.१५

कागदावर आहे. शेजारच्या दोन कारखान्यांबरोबर एक खोली घेतलीय, पण सायंकाळी सहाला बंद होते. दुसरी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. प्रस्तावात घेते.

आता सगळ्यांचं वाचून जे ठरवलंय ते सांगते. वेलनेस ॲप वगळतेय. चेहऱ्याचं यंत्र घेऊ, पण रजिस्टरची सोय आणि डेटा पुसण्याचं कलम घालूनच. मोठा पैसा ईएसआयच्या वरच्या लोकांच्या पालकांच्या विम्याला, खोलीभाड्याची मर्यादा नको म्हणून आधीच सांगून. दुसऱ्या शिफ्टला पाळणाघराची बाई. चॅटबॉटऐवजी पगाराची चिठ्ठी मराठीत काढून देणार, प्रत्येक कपातीपुढे एक ओळ: हे पैसे कुठे जातात आणि त्या बदल्यात काय मिळतं. आणि कॅन्टीनबाहेर टेबल टाकून ई-नामांकन, कंत्राटी मुलांसकट. लॉकरमधले फोन जेवणाच्या सुट्टीत तिथे आणायची परवानगी आज साहेबांनी दिली.

शमी | बुधवार, रात्री ९.२८

टेबल टाकताय हे वाचून फार बरं वाटलं. ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो, ज्यांचा नंबर बदललाय त्यांची यादी आधीच वेगळी काढा, नाहीतर रांग तिथेच थांबेल. आणि कुटुंबातल्या माणसाचा आधार क्रमांक आणि फोटो लागतो, तो आदल्या दिवशी घरून मागवायला सांगा.

सातपूरकर | बुधवार, रात्री ९.५०

ज्यांची लग्नं अलीकडे झालीत त्यांनाही बसवा त्या टेबलाशी. लग्नाआधी आईच्या किंवा भावाच्या नावाने केलेलं पीएफचं नामांकन लग्नानंतर रद्द होतं, नव्याने करावं लागतं. बहुतेकांना वाटतं एकदा केलं म्हणजे झालं.

मोगरी | बुधवार, रात्री ९.५८

हे मलाही माहीत नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडे लग्नांची लाटच असते, त्यांची यादी रजेच्या अर्जांवरून काढते.